भ्या कसं घालू?

३ नोव्हेंबर, सोमवार

पेटी आली! पत्र्याची, हिरवी, उचलायला दोघं लागली. पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम स्वतः घेऊन आल्या. आत चाळीस पुस्तकं, सगळी चित्रांची. पण राजाराणीचं एकही नाही. दात घासायला रडणाऱ्या पोराचं पुस्तक. घरात बाळ आल्यावर रुसलेल्या ताईचं. मोबाईल काढून घेतला की जमिनीवर लोळणाऱ्याचं. अंथरूण ओलं करणाऱ्याचंसुद्धा! मॅडम म्हणाल्या, "घरोघरी रोज जे होतं त्याचीच पुस्तकं आहेत ही. मुलांना वाचून दाखवा, आयांना घरी न्यायला द्या."

नऊ वर्षं ही अंगणवाडी चालवते. खिचडी आली, वजनकाटा आला, मोबाईल आला. पुस्तकं पहिल्यांदाच.

अंथरुणाचं आधी माझ्याच पिशवीत टाकलं. आमूसाठी. पाच वर्षांची घोडी झाली, पण दिवाळीपासून पुन्हा सुरू झालंय. संडास अंगणाच्या टोकाला, उसाच्या बाजूला. दिवस मावळला की पोरगी तिकडं पाऊल टाकत नाही. "तिथं कुणीतरी हाय," म्हणते. नागसेन चिडतो. (तोंडावर 'अहो' म्हणते, पण वहीत नाव घ्यायला कुणाची भीती!)

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज अंधाराचं पुस्तक वाचलं. सतरा पोरं हजर. तानुबाई, आमची मदतनीस, खिचडी ढवळायची सोडून दारात येऊन उभी राहिली.

चिमी नावाची पोरगी अंधाराला भिते. मग ती एक दिवस हात पुढं करून अंगणात जाते. भूत वाटलेलं असतं ते दोरीवरचं धोतर निघतं. साप वाटलेला असतो तो पाण्याचा पाइप. आणि झुडपात चमकणारे दोन डोळे — मांजर! शेवटच्या पानावर लिहिलंय, 'जे उजेडात असतं तेच अंधारात असतं. दुसरं काही नसतं.'

पोरं खूश. ज्ञानेश्वरी हसली! वर्षभरात पहिल्यांदा. बबनरावांची नात, सुरेखाताईंची मुलगी, सगळे ज्ञानी म्हणतात. आईच्या पदराची शेव सोडत नाही, इथं आली तरी दारातच बसते. आज पुढं येऊन मांजराच्या पानावर बोट ठेवलं. "बाई, हे मला द्या घरी."

दिलं.

माझ्या वडलांनी मी आठ वर्षांची असताना मला भरदुपारी मसणवाटेतून चालवत नेलं होतं. "दिसलं का भूत?" "नाही." "मग कुणी कितीबी सांगितलं तरी भ्यायचं न्हाई, करुणा. भेलेल्या माणसाला कुणीबी वाकवतं." आज त्यांची फार आठवण आली. मी पण तेच करतेय ना, असं वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुरेखाताई झेंडू तोडून परत जाताना मुद्दाम वळून आल्या. "ताई, काय जादू केली वं! पोरगी काल दिवेलागणीला एकटी परसाकडं जाऊन आली. आमचं मामंजी बघतच ऱ्हायलं." हातात दोन कणसं ठेवली.

ही वस्ती नदीकडची. मी इथं लागले तेव्हा माझ्या हातची खिचडी काही घरांनी खाऊ दिली नव्हती. कारण सांगितलं नाही, पण कळायचं ते कळलं. तेव्हा या सुरेखाताईंनी थोरल्याला पाठवलं, आणि स्वतः येऊन दारात उभ्या राहून दोन घास खाल्ले. बाईंचे आपल्यावर उपकार आहेत असं नाही म्हणणार, पण विसरणार पण नाही.

आमूवर मात्र पुस्तकाचा काही परिणाम नाही. परवा वर्गात मांजराचं पान आलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते.

८ नोव्हेंबर, शनिवार

बबनरावांच्या विहिरीजवळ चिखलात ठसे. त्यांचा कुत्रा तीन दिवस नाही. साखळी तेवढी आहे.

कुणी म्हणालं तरस असंल. वनखात्याचा माणूस आला, गुडघ्यावर बसला, वीत लावून मोजलं, नखं उमटली नाहीत म्हणाला. "बिबट्याच हाय."

विहीर ते अंगणवाडी — मधे फक्त बबनरावांचा दोन एकर ऊस.

घरी आले. आमूला मांडीवर घेतलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, "संडासाकडं कोण असतं गं?"

"दोन डोळं."

"कधी बघितलेस?"

"दिवाळीत. मी तुला सांगितलं ना! तू म्हणालीस मांजर असंल."

९ नोव्हेंबर, रविवार

मी म्हणाले होते. मांजर असंल — मीच म्हणाले होते. पेटी यायच्याही आधी.

१० नोव्हेंबर, सोमवार

सतरापैकी अकराच पोरं. वनखात्याच्या माणसानं पोरांना गोल बसवून सांगितलं: पळायचं नाही, वाकायचं नाही, एकटं जायचं नाही, मोठ्यांदा ओरडायचं. पोरं गंभीर. ज्ञानी मात्र हसत होती.

सुटल्यावर तिच्या घरी गेले पुस्तक परत आणायला. बबनराव ओट्यावर बसलेले. सुरेखाताई म्हणाल्या, "आसू द्या की ताई, उशाला घेऊन झोपती ती." मी सांगितलं, बिबट्या आहे तोवर ते पुस्तक नको. त्या म्हणाल्या, "म्हंजी खोटं हाय व्हय त्यातलं?"

काय सांगू? खोटं नाही. खरंही नाही. पुण्यात खरं असेल.

ज्ञानी पुस्तक पोटाशी धरून आली. पान उघडून मलाच समजावलं, "बाई, भ्यायचं न्हाई. मांजर असतं."

पुस्तक दिलं नाही तिनं. ओढून घ्यायला माझा हात झाला नाही.

येताना बबनराव मागून बोलले — मला ऐकू जाईल इतकंच. "भूत न्हाई, देव न्हाई, कायच न्हाई म्हणत्यात. पोरांचं भ्या मोडलं की पोरं हाताबाहेर जात्यात."

वडलांना आज काय सांगितलं असतं मी?

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुण्याच्या मॅडमना फोन केला. आधी म्हणाल्या, "करुणाताई, मुलांच्या मनात भीती बसू नये हे फार महत्त्वाचं असतं." मी म्हणाले, "मॅडम, आमच्या उसात बिबट्या आहे."   मग हळू म्हणाल्या, "हे आमच्या कुणाच्याच मनात आलं नाही हो. ते शेवटचं पान तुम्हीच नव्यानं लिहा. तुमच्याकडचं तुम्हालाच माहीत."

मी लिहू? मी बारावी.

बिबट्या मानेलाच धरतो म्हणून तानुबाईनं जुन्या पट्ट्याला खिळे ठोकून गळ्यात घालायला केलंय. टोकं बाहेर. खिचडी वाढताना पण काढत नाही. पोरं हसत नाहीत त्याला. हसायला पाहिजे होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, सगळं लिहिते.

काल बालदिन. चार वाजता आयांची बैठक ठेवली होती, पुस्तकं वाटायची होती. आया आल्याच उशिरा, घोळक्यानं, काठ्या घेऊन. फोटो ग्रुपवर टाकायचे म्हणून मी सगळ्यांना पुस्तकं धरून उभं केलं. एकीचे डोळे मिटले म्हणून परत. मग ऊन तोंडावर येतंय म्हणून परत. पावणेसहा वाजले. सूर्य टेकला होता.

सुरेखाताई म्हणाल्या, "ज्ञानी कुठाय?"

वर्गात नाही. मोरीत नाही. मी मागच्या दारानं बाहेर पडले, तानुबाई माझ्या मागं.

ज्ञानी बांधावर होती. पन्नासएक पावलांवर. उसाच्या कडेनं हळूहळू चालली होती, दोन्ही हात पुढं, तळवे वर. चिमीसारखे. आणि तिच्या पुढं बांधाच्या टोकाला ते बसलेलं. आधी मला वाटलं पोतं पडलंय. मग पोत्यानं मान वळवली.

मला माहीत होतं काय करायचं. ओरडायचं. वनखात्याच्या माणसानं माझ्यादेखत सांगितलेलं, मीच पोरांकडून तीनदा म्हणून घेतलेलं. मोठ्यांदा ओरडायचं!

माझा आवाज निघाला नाही.

तोंड उघडं, पाय जमिनीत. किती वेळ गेला माहीत नाही. पोरगी एक पाऊल पुढं. आणखी एक. मी नुसती उभी. आई असून. बाई असून.

मग माझ्या कानाशी धडाधड आवाज सुरू झाला. तानुबाई! खिचडीचं पातेलं आणि डाव घेऊन बडवत, "हाड! हाड रं! हाड!" करत ती थेट बांधावर चालत गेली. साठीची बाई, गळ्यात खिळे. ते उठलं. घाई नाही केली. एकदा आमच्याकडे बघितलं आणि उसात शिरलं. पाचट जरा हाललं, मग तेही नाही.

तानुबाईनं ज्ञानीला बखोटीला धरून आणलं. तोवर सगळ्या आया बाहेर. सुरेखाताईंनी पोरीला दोन मारल्या, मग छातीशी धरली, मग परत मारली. ज्ञानी रडत रडत माझ्याकडंच बघत होती. "बाई, तुम्ही का भेला? तुम्हीच सांगितलं ना!"

नागसेन फर्स्ट शिफ्ट करून आला होता, त्यानं मला घरी आणलं. हात धुवायला गेले तर बोटात पुस्तक अजून तसंच. बालदिनाचा फोटो ग्रुपवर गेलाय. खाली सात अंगठे.

आज पिंजरा लावला. बबनरावांच्या उसाच्या तोंडाशी, आत शेळी. शेळी दिवसभर ओरडतेय. इथं खोलीत ऐकू येतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आमूला दौंडला आईकडे सोडून आले. एसटीत खिडकीबाहेर ऊसच ऊस. प्रत्येक फडात मला ते बसलेलं दिसत होतं. दौंडला उतरलो तर रेल्वेची शिट्टी, रिक्षावाले, गर्दी — आमूनं माझा हात सोडला आणि स्वतः पुढं चालायला लागली! किती दिवसांनी.

आई म्हणाली, "तू बी ऱ्हा हितंच. रजा टाक."

नागसेन पण सकाळी हेच म्हणाला. "पोरगी सुटली, तू पण सूट."

आणि बाकीची सोळा? आईला म्हणाले बघते.

परत येताना शिरूरच्या स्टँडवर बसले. आमच्या वस्तीकडची जीप भरत होती, तिच्यात चढायला पाय उचलेना. दोन जीपा सोडल्या. तिसरीत बसले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सहा पोरं. दार लावून बसवतो. जेवण, गाणी, सगळं बंद दारात.

दुपारी सुरेखाताई आल्या. चार दिवसांनी. मला वाटलं भांडायला आल्यात, बरं वाटलं असतं. त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

"ताई, ती ऐकत न्हाई. मारली, कोंडली. मामंजींनी डागण्याचं भ्या दाखवलं. तरी डोळा चुकला की दाराकडं. मी झेंडूत असती, हे मार्केटला. किती दिस बांधून ठिवू? तिला भ्याच न्हाई ऱ्हायलं."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तुमी काढलं ना तिचं भ्या? मग तुमीच घाला परत."

१९ नोव्हेंबर, बुधवार

भीती कशी घालतात?

ज्ञानीला फोनवर बिबट्याचे फोटो दाखवले. "छान हाय," म्हणाली. दात दाखवले. "मांजराला बी आसत्यात." कुत्र्याचं सांगितलं, तो आता येणार नाही म्हटलं. जरा रडली. मग म्हणाली, "कुत्रा भुंकला असंल. मी भुंकत न्हाई."

शेवटचं पान लिहिलं. पाच कागद फाडले. मग तिच्या हातातल्या पुस्तकात छापलेल्यावर हे चिकटवलं — 'अंधारात कधी काही नसतं. कधी असतं. म्हणून मोठ्या माणसाचा हात धरायचा.' वाचून दाखवलं. ज्ञानीनं नखानं कागदाची कड उचकटून खालचं बघितलं. "बाई, हितं येगळं लिव्हलंय."

पाच वर्षांची. वाचता येत नाही. तरी!

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज केलं. बरोबर केलं की चूक, कळत नाही.

सकाळी अकरा. लख्ख ऊन. सुरेखाताई, तानुबाई पातेलं घेऊन, वनखात्याचा माणूस काठी घेऊन, आणि मी ज्ञानीला कडेवर घेऊन. बांधापर्यंत गेलो, त्याच जागी. मी तिला 'भी' म्हणून सांगितलं नाही. काहीच सांगितलं नाही. ऊस वाऱ्यानं सळसळला आणि माझ्या छातीत असं काही सुरू झालं की मला वाटलं मी पडणार. तिचा तळवा धरला आणि माझ्या छातीवर ठेवला.

तिनं तळवा काढला. परत ठेवला.

"बाई, तुमच्या आत काय वाजतंय?"

"भीती."

"मोठ्यांला बी आसती?"

"असते. मला खूप आहे. तुझ्या आईला आहे. तानुआजीला पण आहे, तरी ती पातेलं वाजवते. ते मांजर नाही, ज्ञानी. मी चुकीचं सांगितलं तुला."

तिनं तानुबाईकडे बघितलं. तानुबाईनं मान हलवली. "व्हय बाय. लई भ्या हाय मला."

मग तिनं उसाकडे बघितलं. किती वेळ बघत होती. तिचं अंग माझ्या अंगाला लागलेलं, ते हळूहळू ताठ होत गेलेलं मला कळलं. मग मुठीत माझा ब्लाउज धरला. "घरी चला. बाई, घरी चला ना."

सुरेखाताईंनी हात जोडले मला. मी अंगणवाडीत आले आणि मागच्या दाराला कडी घातली.

वडील असते तर? त्यांनी मला मसणवाटेतून नेलं ते भीती घालवायला. मी पोरीला बांधावर नेलं ते भीती घालायला. पण त्यांचा हात माझ्या हातात होता. तेवढं तरी मी केलं. तेवढं केलं ना?

२२ नोव्हेंबर, शनिवार

ज्ञानी आईचा पदर सोडत नाही. सुरेखाताईंनी वाटीभर खीर पाठवली. तानुबाईला देऊन टाकली.

बबनराव रस्त्यात भेटले. थांबले. "बाई, त्या दिवशी मी तोंड घातलं, मनावर घेऊ नका." एवढंच. मी मान हलवली. ऊसतोडीची टोळी ठरली म्हणाले, पुढच्या आठवड्यात येईल, फड मोकळा झाला की बला पण जाईल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दहा पोरं. शेळी बदलली. शेळी ओरडायची थांबली की जास्त भीती वाटते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दौंडहून आईचा फोन. आमूचं अंथरूण आठ दिवस कोरडं. मग आमू फोनवर म्हणाली, "आई, तू कवा येणार? तिथं ऱ्हाऊ नको."

पेटीतली बाकीची एकोणचाळीस आज एकेक करून वाचून काढली. दात, बाळ, मोबाईल, शाळेचा पहिला दिवस. प्रत्येकात शेवटी सगळं नीट होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सापडली! पहाटे. मादी. सगळी वस्ती पिंजऱ्याकडं धावली, कुणी गुलाल पण आणला. दुपारी गाडी घेऊन गेली. तानुबाईनं पट्टा काढून खुंटीला लावला आणि मान चोळत बसली.

ज्ञानी बघायला आली नव्हती. मी तिच्या घरी गेले. दाराआड बसून हुंदके देत होती. म्हटलं, "गेली गं ती. आता भ्यायचं नाही."

"मग त्यांला दूध कोण पाजणार?"

"कुणाला?"

"दोन हायत उसात. पुस्तक नेलं तवा डोळं मिटल्यालं व्हतं, आता उघडल्यात. सांगितलं आसतं तर नेली आसती ना तुमी. आई झेंडू तोडायची, तवा मी बघायला जायची. ती मोठी बी आसायची. बसून बघायची नुसती. काय करायची न्हाई."

वनखात्याला फोन लावतेय, उचलत नाहीत. ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, दुपारीच पडल्यात बांधाला लागून — नऊ पोरं मोजली मी. उद्या सकाळी सातला त्या फडाला कोयता लागणार.